एक घास क्निप

झाकण उचललं, तर डुकराचं डोकं पातेल्यात कलंडलं होतं आणि एक पापणी अर्धवट उघडी होती. प्रमिलाने पदर नाकाला लावला.

"आई, तुम्ही बाहेर बसा ना," मृदुला म्हणाली. "तुम्हाला नाही सोसायचं हे."

नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या त्या एवढ्याशा घरात बाहेर म्हणजे कुठे बसायचं? वास तर बैठकीच्या पडद्यांतसुद्धा शिरला होता. चरबीचा, रक्ताचा, ओल्या केसांचा. शी! सुनेच्या स्वयंपाकघरात असलं काही बघायला मिळेल, हे लातूरहून निघताना तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शेजारची हिल्डे जर्मनीतून लग्न करून इकडे आलेली. तिच्याकडून मृदुला क्निप शिकत होती. डोकं आणि काळीज शिजवायचं, हाडं काढायची, मांस बारीक करून ओटच्या कण्यांत घोटायचं आणि तो लगदा आतड्यात भरायचा. मृदुलाच्या पुण्याच्या माहेरी कांदा-लसूणही चालत नसे. इकडे येऊन ती सगळं खायला शिकली होती आणि त्याचं तिला भारी कौतुक होतं.

प्रमिला मटण खात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या वरणाचा कुकरसुद्धा वेगळा.

अश्वजितने आईला मागच्या दारापाशी नेलं. "आई, जेवताना एक घास खा. हिल्डे मुद्दाम तुझ्यासाठी थांबलीय. मृदुलाला वाटतं, तू तिच्या कशातच नसतेस. तुमचं दोघींचं जमलं ना, की तुला दरवर्षी आणता येईल. प्रणितालाही आजी मिळेल."

"एकच?"

"एकच."

नात म्हणजे प्रमिलाचा जीव की प्राण. तिने मान हलवली.

आत मृदुला आतडं नळाखाली धरून उलटं करत होती. ते हातातून निसटून पचकन सिंकमध्ये पडलं आणि ती खिदळली. हिल्डेने करड्या लगद्यात बोट बुडवून चाटलं.

"कण्या फुलल्या नाहीत अजून," प्रमिला पुटपुटली.

"अहो आई, हा काय आपला उपमा आहे का?" मृदुला म्हणाली आणि लगदा आतड्यात दाबू लागली. आतडं फुगत, वळवळत ताटात उतरत गेलं. प्रमिलाला बघवेना.

टेबलावर तळलेल्या चकत्या आल्या. चरबी सुटली होती, कडा काळ्या पडल्या होत्या. हिल्डे बोलू लागली आणि मृदुला डबडबल्या डोळ्यांनी मराठीत सांगू लागली. त्यांच्याकडे हे गरिबांचं खाणं. चांगलं मांस मालकाकडे जायचं, डोकं यांच्या वाट्याला यायचं.

"किती सुंदर ना, आई! काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही. याला म्हणतात संस्कृती."

प्रमिलाने सुनेकडे पाहिलं. तिला अगदी किळस आली. मग तिने चकतीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चरबी टाळूला चिकटली. अश्वजित श्वास रोखून बघत होता. तिने घास सावकाश चावला, गिळला, वर पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बघा, खाल्लं की नाही आईंनी!" मृदुलाने टाळी वाजवली.

हिल्डेने पुढे वाकून काहीतरी विचारलं. अश्वजित जरा घुटमळला.

"आई, ती विचारतेय... असं काही आधी कधी खाल्लं होतंस का."

"सांग तिला," प्रमिला म्हणाली. "माझी आई बोकडाच्या मुंडीत ज्वारीच्या कण्या घालून हेच करायची. लग्नानंतर तुझी बायको पहिल्यांदा घरी आली, तेव्हा माझ्या चुलीवर तेच शिजत होतं. तिला वाढलंही नव्हतं मी. नुसत्या वासाने ती मोरीत जाऊन ओकली. आणि तू हात जोडून म्हणालास, आई, हे खाणं सोड. सोडलं मी."