सर्व्हिसची वही

दलालाने काळ्या गाडीचं बोनेट उघडलं आणि सिस्टरचा धाकटा भाऊ त्यात कमरेपर्यंत शिरला. हाच भाऊ येताना रस्ताभर बजावत होता, "ताई, जुनी जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती. घेणं सोपं, पोसणं अवघड. साधा पंप गेला तरी बाहेरून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत तू पायी." बोलत होता ते अनुभवाचं होतं, कारण त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. पण दलालाने इंजिन सुरू केलं आणि स्वारी लोण्यासारखी विरघळली.

"ताई, ऐक! काही म्हणजे काही आवाज नाही!"

"आवाजच नाही तर ऐकू काय?" सिस्टर म्हणाल्या.

मनातून मात्र त्यांनाही गुदगुल्या होत होत्या. इस्पितळातल्या नर्सच्या नोकरीत त्या आयुष्यभर रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात बसून फिरल्या, तेही एका हाताने सलाइनची बाटली उंच धरून. निवृत्त झाल्यावर एकच हौस उरली होती. छानशी दणकट गाडी, आणि स्टिअरिंग आपल्या हातात. पुंजी एका गाडीपुरती आणि तिच्या वर्षभराच्या दुखण्यांपुरती होती. ही निवड चुकली की हौस संपली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"एकाच मालकाने वापरलेली आहे, मॅडम," दलाल म्हणाला. "आणि ही सर्व्हिसची वही. आठ वर्षं, सोळा नोंदी. एक चुकलेली दाखवा."

भावाने नोंदी भराभर वाचल्या. तेल, फिल्टर, ब्रेक, सगळं वेळच्या वेळी. तो खूश होऊन मान डोलवायला लागला. सिस्टरनी चष्मा लावला, पण त्या वाचत नव्हत्याच. त्यांनी पान उजेडात तिरकं धरलं, पाठीमागून बोट फिरवलं, दोन पानं पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. दलालाला वाटलं, बाईंना यातलं काही कळत नसावं.

"चौथ्या वर्षी पेन अडखळायला लागलंय," त्या म्हणाल्या. "हे बघ, अक्षर पुसट. पाचव्या वर्षी नुसते ओरखडे. आणि इथे, सहाव्या वर्षी, अर्ध्या शब्दापासून नवीन पेन. आता मला सांग, कुठल्या गॅरेजात एक रिफिल दोन वर्षं संपत असते?"

भावाने वही ओढून घेतली. तेल त्याने बोटाला लावून पाहिलं होतं, शाईकडे कोण बघतं?

"एकच माणूस लिहीत असेल, मॅडम."

"एकानेच लिहिलंय आणि एकाच बैठकीत लिहिलंय. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक." सिस्टरना सांगताना आजही लाज वाटली, पण त्यांनी सांगितलं. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पेशंटचा दिवसभराचा तापाचा चार्ट पाळी संपताना एका दमात भरला होता. टापटीप अगदी. हेड सिस्टरनी नुसती नजर टाकली आणि म्हणाल्या, पेशंट इतका शहाण्यासारखा वागत नसतो."

दलाल खाली बघायला लागला. "माझ्याकडे वहीसकट अशीच आली हो."

"आली असेल. ती कोपऱ्यातली करडी कुणाची?"

"ती? तीही त्याच कंपनीची. पण ती नका घेऊ, मॅडम. ती मी गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही."

"वही आहे?"

वही होती. कव्हर फाटलेलं, पानांवर तेलकट अंगठे, चार जणांची अक्षरं आणि एक नोंद चक्क पेन्सिलने. भाऊ मोठ्याने वाचायला लागला. "'पाण्याचा पंप बदलला. नळ्या ठिसूळ, पुढच्या वेळी बघणे.' 'गिअरचं तेल बदला म्हणून सांगितलं, मालक नको म्हणाले.'" पुढची नोंद वाचताना त्याला हसू फुटलं. "'गिअरचं तेल बदललं. काळं निघालं. मालकांना दाखवलं.'" शेवटची ओळ वाचून तो मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. "'मागचं डावं सस्पेन्शन बसायला लागलंय.' बसलंय की! चांगलं दोन बोटं."

गाडी आधी जरा खोकली, मग तिने सूर धरला. भावाने एक लांब फेरी मारली, गिअर वरखाली करून पाहिले आणि परत येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"इंजिन बरं आहे, गिअरही बरे आहेत. पण ताई, ही दुखणाईत आहे. नळ्या बदलायच्या, सस्पेन्शन बदलायचं. तुझे वर्षाचे पैसे सहा महिन्यांत जातील."

"जाऊ देत. कुठे जाणार ते तरी लिहिलेलं आहे."

दलालाने काळ्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि करड्या गाडीचे कागद काढले. भाव ठरायला फार वेळ लागला नाही.

सिस्टर स्टिअरिंगपाशी बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. मग पर्समधून पेन काढून आधी तळहातावर चालवून पाहिलं. वही मांडीवर ठेवून त्यांनी तारीख घातली आणि खाली लिहिलं, "गाडी ताब्यात घेतली. मागची डावी बाजू दोन बोटं खाली."

"बाकीचं तू लिही," त्यांनी वही खिडकीतून भावाकडे दिली. "तुझ्या अक्षरात."

भावाने नळ्यांचं लिहिलं, सस्पेन्शनचं लिहिलं. वही परत देताना त्याच्या लक्षात आलं की पानाच्या कडेला आपला काळा अंगठा उमटलाय. तो घाईघाईने रुमाल शोधायला लागला.

"राहू दे," ताई म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.