फरक

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार वैजनाथ सरांचे पाय वर्षागणिक थोडे थोडे घेऊन चालला होता. शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना एका चाचणीत घेतलं. गोळी जुनीच, कोलेस्टेरॉलची. तिनं हा आजार मंदावतो का, तेवढं पाहायचं होतं. “गेलेलं परत येणार नाही, सर,” डॉक्टर म्हणाले. “आहे ते टिकलं, तरी आपण जिंकलो.”

सर धाडला राहायचे; तिथल्या आठवडी बाजाराला देऊळघाटहून त्यांची माय यायची. पिशवी टेकायच्या आधी विचारायची, “काही फरक हाये का रे?”

“काहीच फरक नाही वं माय,” सर हसून सांगायचे. काठीवर होते, काठीवरच होते.

“मंग काऊन खाऊन राह्यला थे गोळी? शेजारचा बुढा बी थेच खाते. त्याले कुठी पाय फुटले!”

फरक नाही हाच गुण, हे सरांनी परोपरीनं समजावलं. पण ज्यानं फरक पडत नाही त्यालाही औषध म्हणतात, हे मायच्या गळी उतरेना. दोन वर्षं दर बाजाराला ती डोळे पुसत परतली आणि मागे सर खुशीत राहिले.

परवाच्या बाजारालाही तिनं दारातच विचारलं. सर मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते. चार दिवस झाले, त्याची बोटं मिटत नव्हती. त्या सकाळी बायकोनं भरवलं होतं.

“पडला, माय,” ते म्हणाले. “फरक पडला.”

माय अनवाणीच पेढे आणायला धावली.