डबड्याला सापडलेला कॅमेरा

बाबांच्या ऑफिसातलं ते कॉम्प्युटरचं जुनं डबडं भंगारात निघालं होतं. "नवी सिस्टिम चालवून दाखव, मग तुझं," बाबा म्हणाले, आणि मी रविवारी सकाळीच पेनड्राइव्ह लावून बसले.

'हा कॉम्प्युटर या सिस्टिमसाठी योग्य नाही,' असं स्क्रीनवर आलं. मला योग्य-अयोग्य शिकवणारे घरात काय कमी होते? मी तपासणी टाळायची कमांड दिली. डबडं मुकाट्याने वठणीवर आलं.

दादा चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभा होता. "तुझ्या बापजन्मात चालणार नाही हे."

"बाप आपला एकच आहे, गाढवा," मी म्हटलं, आणि तेवढ्यात सिस्टिम सुरू झाली! 'कॅमेरा सापडला,' असं तिने जाहीर केलं.

मला हसूच फुटलं. त्या डबड्याला कॅमेरा कधी नव्हताच. म्हटलं, बघू तरी काय अक्कल पाजळतेय, आणि तो उघडला.

आमचीच खोली दिसली. खिडकी, पलंग, कप धरलेला दादा. त्याच्यापुढे माझी खुर्ची होती, रिकामी.

मी हात हलवला. चित्रात काहीच हललं नाही.

"कुठलातरी जुना फोटो दाखवतंय भिकारडं!"

तेवढ्यात चित्रातल्या दादाने चहाचा घोट घेतला, आणि माझ्या कानामागे भुरका ऐकू आला.

मी मागे वळले. "दादा, बघितलंस?"

त्याने माझ्या डोक्यावरून स्क्रीनकडे पाहिलं, आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "आई, सगळं चालू ठेवून कुठे उलथलीय गं ही?"