मास्तरांच्या दाढेतली चांदी

दातात भरलेल्या चांदीत पारा असतो, हे एकदा लोकांच्या डोक्यात बसलं आणि ती काढून घ्यायला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे रीघ लागली. "काका, इतकी वर्षं सुखानं जेवलात ना? मग राहू द्या की," असं त्यांनी निवृत्त मास्तरांना परोपरीनं सांगितलं. पण मास्तर ऐकतात कसले!

काढलेले तुकडे खिडकीतल्या काचेच्या बरणीत, पाण्याखाली ठेवलेले असत. पुढे मास्तर तपासणीला आले की त्यांच्या दाढेतला मोठा तुकडा सरकत सरकत बरणीच्या खुर्चीकडच्या काचेला येऊन टेके. ते गेले की पुन्हा मागे.

"माहेरचं माणूस दिसलं की लेक दारात येते, तसं आहे याचं," मदतनीस बाई हसून म्हणायच्या.

आज सकाळी मास्तरांच्या सुनेचा फोन आला. "बाबा पहाटे गेले हो. त्यांची दुपारची वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या."

डॉक्टरीणबाईंनी ती कुणालाच दिली नाही. दुपारी हात धुऊन त्या वळल्या, तर तुकडा काचेला टेकलेला. खुर्ची रिकामी.

तपासायचा छोटा आरसा खुर्चीच्या उशीच्या वर धरून त्या हलकेच म्हणाल्या, "आ करा, काका."

आरशावर वाफ धरली.