पहिला हात

फीत कापून झाली, नारळ फुटला, पेढेही वाटून झाले. हात मात्र एकही पुढे आला नाही.

पुष्पांजली आपल्या नव्या दुकानात पाटावर बसली होती. समोर गिऱ्हाइकासाठी मांडलेला दुसरा पाट रिकामा होता. तिच्या बोटांत हिरव्या काचेच्या बांगड्या केव्हाच्या तयार होत्या. सुलतानपूरच्या बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहून पेढे खात होत्या आणि दुकानाची मनापासून स्तुती करीत होत्या.

“आरसा मोठा बसवला, माय,” सिंधूताई म्हणाल्या. त्या गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्या बसल्या की साऱ्या बसत, त्या उठल्या की साऱ्या उठत.

“बसा ना काकू. तुमचं माप मले पाठ हाये.”

“बसू ना. घाई काऊन करून राह्यली?”

माप पाठ असणे स्वाभाविक होते. पुष्पांजली कासाराच्या घरातली सून. नवरा प्रज्वल जिवंत होता तोवर लग्न असो, डोहाळजेवण असो, की संक्रांत, बायका हिच्याच हाताने बांगड्या भरून घेण्याचा हट्ट धरीत. ती हाताची हाडे अशी दाबी की घट्ट बांगडीही मनगटावर उतरे आणि बाईला कळतही नसे. मग एका संध्याकाळी मेहकरहून परतताना प्रज्वलची मोटारसायकल ट्रकखाली आली. दहाव्या दिवशी ज्या बायकांनी पुष्पांजलीच्या बांगड्या फोडल्या, त्यांच्या हातांत त्या वेळी किणकिणत होत्या त्या बांगड्या तिनेच भरलेल्या होत्या. तेव्हापासून बायका बांगड्या भरायला लोणारच्या बाजारात मनियारणीकडे जाऊ लागल्या. पुष्पांजलीचा हात तोच होता. कपाळ तेवढे बदलले होते.

गावोगावी छोटे उद्योग उभे करणाऱ्या एका संस्थेच्या प्रतीक्षा मॅडमनी हे दुकान काढून दिले होते. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. कसब आहे, गिऱ्हाईक आहे, गावात दुसरे दुकान नाही. तेव्हा हा धंदा चाललाच पाहिजे. संस्थेने कपाट दिले, आरसा दिला, माल भरून दिला. अट एकच होती. दिवाळीपर्यंत दुकान चालले नाही, तर सामान दुसऱ्या गरजू बाईकडे जाईल. मग पुष्पांजलीला दिराच्या घराखेरीज जागा नव्हती. तिथे तिला भाकरी मिळे, आणि ती मिळते हे रोज ऐकवले जाई.

“विधवेनं बांगडी भरली तर काय होतं, सांगा बरं?” मॅडमनी बायकांना विचारले. “कुणाचं वाईट झालेलं पाहिलंय का एकीनं तरी?”

“नाही पाह्यलं,” सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. “तं मंग तुमीच बसा, मॅडम. पाट रिकामाच हाये. तुमच्यामागून मी.”

बायका हसू लागल्या. मॅडमच्या गळ्यात मंगळसूत्र होते. त्यांचा हात अर्धा पुढे आला, आणि वाटेतच त्याला ओढणी सावरण्याचे काम आठवले.

“मी काचेच्या वापरत नाही गं, ऑफिसात फुटतात,” त्या पुष्पांजलीला म्हणाल्या. “तू मला डबीत बांधून दे. घरी घालीन.”

पुष्पांजलीने डबी बांधून दिली. ती हातात धरून मॅडमनी फोटो काढून घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. बायकांचा मुद्दा संस्थेनेच मान्य केला होता.

एवढ्यात बायकांना बाजूला सारीत डिंपल आत शिरली. पुष्पांजलीची ही धाकटी बहीण. तिला उद्या हळद लागायची होती. चुडा भरायला आईने मनियारणीला घरी बोलावले होते; ही आईला न सांगता ऑटोत बसून निघून आली होती. ती रिकाम्या पाटावर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

“चुडा भर, ताई. मले तुह्याच हातानं पाह्यजे.”

“घरी कोणाले इचारलं का, डिंपे?” सिंधूताईंनी टोकले.

“हात माहे हायेत, काकू. इचारू कोणाले?”

ज्या हाताने भरलेला चुडा घेऊन नवरी बोहल्यावर चढते, त्याच हाताला संक्रांतीच्या बांगड्यांसाठी नकार कोण देणार, आणि कोणत्या तोंडाने? सिंधूताई अध्यक्ष उगाच झाल्या नव्हत्या. वारा फिरलेला त्यांना सर्वांआधी कळला. त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि डिंपलच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

“हिचं झालं का माह्या भर,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी आत आल्या. प्रतीक्षा मॅडमनी मोबाइल पुन्हा बाहेर काढला. दुकान चालू होण्यास आता एका चुड्याचाच अवकाश होता.

पुष्पांजलीने बहिणीचा हात हातात घेतला. अंगठा तळव्यात मिटवला, हाडे हळूच दाबली. हिरवी बांगडी बोटांच्या पेरांवरून सरकत मुठीच्या रुंद भागापर्यंत आली. आणखी एक हलका दाब पुरे होता.

तिने बांगडी उलट सरकवून काढून घेतली.

“काय झालं? लहान हाये का?” डिंपलने विचारले.

“नाही. माप बरोबर हाये.” पुष्पांजलीने तिचा हात सोडला आणि स्वतःचे दोन्ही हात पदराआड घेतले. “साऱ्या गावाचे हात भरीन, डिंपे. तुहे नाही.”