कचरागाडीची धून

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत दर शुक्रवारी कॅफेमध्ये ओपन माइक असतो. माझा नंबर यायला आणि कचरागाडीची धून वाजायला नेमकी एकच गाठ पडते. श्रोते सगळे गल्लीतलेच. गाडी फार थांबत नाही, म्हणून घरून आणून खुर्चीखाली ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या उचलून ते गाडीमागे धावतात, आणि मी रिकाम्या खुर्च्यांना गाणं ऐकवते.

गाडी चालवतात माझेच बाबा.

"पेइचिन, तुझ्या गाण्याला कुणी असं धावत येतं का?" ते चिडवायचे.

"मग एकदा तुम्ही तरी या ना ऐकायला!"

"आणि ड्युटी कोण करणार, तुझी आई?"

गेल्या शुक्रवारी मात्र धून वाजलीच नाही. माझं गाणं पहिल्यांदाच सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात बाहेर बोंब उठली, "अहो, गाडी धून न वाजवताच गेली!" बाबांनी गुपचूप गाडी पुढे काढली होती. सगळ्या गल्लीचा कचरा तसाच राहिला आणि तक्रारी थेट पालिकेत गेल्या.

या शुक्रवारी गाडीवर नवा ड्रायव्हर होता. माझ्या पहिल्याच कडव्याला धून वाजली आणि कॅफे रिकामा झाला.



मागच्या खुर्चीतले बाबा तेवढे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "गा गं पोरी, मला आता कुठं जायचंय?"