बाकावरची खोटी कडी

"उद्यापासून गोचीड या घराचा उंबरा ओलांडणार नाही, लिहून ठेव," सून नवऱ्याला म्हणाली.

गोचीड हे समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त माणसाचं घरगुती नाव. रोज दुपारची जेवणं आटोपली की तो बुद्धिबळ खेळायला यायचा, आणि दिवेलागणीपर्यंत सासऱ्यांसमोरून हलायचा नाही. सोंगट्या आपटायच्या, "शह!" म्हणून गल्ली जागी करायची, वर चहा. सासूबाई न सांगता त्याच्या कपात साखर जास्त घालायच्या.

इकडे सुनेचा जीव टांगणीला लागला होता. ती व्हायरसवर संशोधन करायची, आणि तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार की नाही हे एका मुलाखतीवर ठरणार होतं. मुलाखत पुढच्या आठवड्यात, ऐन दुपारी, कॉम्प्युटरवर. बॉसला कळू नये म्हणून ती घरूनच द्यायची होती.

"मग बाबांनाच सांग ना, काही दिवस खेळू नका म्हणून," नवरा म्हणाला.

"रिसेप्टरला सांगून कळतं का?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"अरे, सोपं आहे. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. दाराच्या कड्याच समज. पेशीला स्वतःच्या कामाला लागतात त्या. व्हायरस येतो, कडी धरतो, पेशीला वाटतं आपलंच कुणीतरी आलं. तीच त्याला आत ओढून घेते. दार फोडायचे कष्टच नाहीत."

"म्हणजे बाबा कडी?"

"बाबांचं बुद्धिबळाचं वेड ही कडी. आम्ही लॅबमध्ये तसल्याच खोट्या कड्या पेशीच्या बाहेर सोडतो. व्हायरस त्यांनाच चिकटून बसतो. खऱ्या दारापर्यंत पोचतच नाही मेला."

बोलता बोलता तिने पंखा लावला. दारावरची घंटा वाजली. कुणी उठलं नाही. निवृत्त झाल्या झाल्या सासऱ्यांनी घरातलं वायरिंग स्वतः सुधारलं होतं, तेव्हापासून पंखा लावला की घंटा वाजायची. बाथरूममधल्या गरम नळाला गार पाणी यायचं. कपाटाचं एक दार फक्त आतून उघडायचं. पुढे त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली आणि घरच्यांना या सगळ्याची सवय झाली.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फाटकाशी, बाकावर, सुनेच्या लॅबचे निवृत्त ग्रंथपाल पट मांडून बसले. एकटे गृहस्थ, खेळाचे भुकेले. सुनेने नुसतं विचारायचा अवकाश, टोपी घालून हजर.

गोचीड आला. थबकला.

"तुमचा घोडा उघडा पडलाय," तो म्हणाला आणि टेकला. संध्याकाळपर्यंत उठला नाही.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत सुनेने दोन गिरक्या घेतल्या.

आत सासरे सोंगट्या मांडून बसले होते. गुडघ्यांमुळे जिने उतरणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

"आज आला नाही वाटतं?"

"काही काम निघालं असेल, बाबा."

पुढे पुढे त्यांनी पट काढणंही सोडलं. नुसते बसून भिंतींकडे बघत राहायचे. सुनेला जरा वाईट वाटलं. पण जराच.

"बघितलंत ना, आई? जमलं की नाही?"

"जमलं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या. "मी जरा बहिणीकडे राहून येते."

"अहो, मुलाखत आहे माझी! तुम्ही हव्यात ना घरात."

"नको गं. माझं बीपी वाढतं."

मुलाखतीच्या दिवशी घर असं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू यावा. स्क्रीनवर पाच परीक्षक. सून घडाघडा बोलत होती आणि पाचही माना डोलत होत्या.

"शेवटचा प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. "रिसेप्टर काही व्हायरससाठी नसतो. त्याचं स्वतःचं काम असतं. तुमच्या खोट्या कड्यांनी तेच बंद पाडलं तर?"

"काही होत नाही, मॅडम. पेशी अगदी निवांत राहते."

दाराबाहेर घर्रर्र झालं.

सासरे आत आले. हातात ड्रिल, केसांत चुना, चेहऱ्यावर दहा वर्षं कमी.

"चालू दे तुझं," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. किती दिवसांनी हात मोकळे झालेत!"

"बाबा, मुलाखत चालू आहे!"

"म्हणून तर. तुझीच सोय करतोय." ते टेबलाखाली वाकले. "तुझ्या सासूला वाटतं, मला काही कळत नाही. मी हत्यारांच्या पेटीला हात लावू नये म्हणूनच तर तिनं त्या गोचीडाला बागेतून शोधून आणून माझ्यापुढे बसवला होता. चहा पाजून पाजून टिकवला. आता तो येत नाही म्हटल्यावर... ही वायर कसली गं?"

"बाबा, ती नको—"

पाचही परीक्षक स्क्रीनवरून एकदम गेले, आणि शेजारच्यांच्या दारावरची घंटा वाजायला लागली.